त्रिकोणाला माफी नाही

निसर्गचित्राचं एक बरं असतं. डोंगर वाकडा आला तरी डोंगरच राहतो, आणि झाडाचं खोड फार जाड झालं तर त्याला वड म्हणून मोकळं होता येतं. त्रिकोणात असली काही सोय नाही. तरीही सोफ्यामागच्या रिकाम्या भिंतीसाठी मी भौमितिक चित्रच निवडलं, कारण व्हिडिओतल्या बाईंनी छातीठोकपणे सांगितलं होतं, "चित्रकला येत नसली तरी चालेल. टेप लावा, रंग द्या, टेप काढा!"

मग दोन बाय तीन फुटांचा कॅनव्हास, अ‍ॅक्रिलिक रंग, मास्किंग टेपची रिळं आणि चिरंजीवांची कंपासपेटी. (तिच्यात गुण्या सोडून सगळं होतं, अर्धं बिस्किटसुद्धा.) पहिली रेघ मारणार तोच नवरा डोकावला. तो सिव्हिल इंजिनिअर.

"कर्ण मोजलेस?"

मोजले. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा चांगला पाऊण सेंटीमीटर मोठा. म्हणजे दुकानातून आणलेला आयत मुळात आयतच नव्हता.

"साइटवर असं शटरिंग असतं तर तोडायला लावलं असतं," एवढं बोलून तो चहा करायला गेला.

टेप हे प्रकरण वेगळंच आहे. कॅनव्हास खरखरीत, त्यामुळे टेप वरच्या धाग्यांना चिकटते आणि खालच्या खाचांतून रंग निवांत पलीकडे जातो. निळ्या त्रिकोणावरची टेप काढली, तर सरळ कडेच्या जागी केसाळ सुरवंट! यावर खरा उपाय असा, की टेप चमच्याच्या पाठीने घोटून बसवायची आणि तिच्या कडेवरून आधी खालचाच पांढरा रंग फिरवायचा. झिरपायचा तो पांढराच झिरपतो, खाचा बुजवतो, आणि पांढऱ्यावर पांढरं कोणाला दिसणार? मग वरून निळा. व्हिडिओतल्या बाईंनी ही पायरी गाळली होती. बहुधा तेवढ्यापुरता त्यांचा कॅमेरा बंद असावा.

शिवाय ओल्या रंगावर टेप लावता येत नाही. म्हणून शेजारशेजारचे त्रिकोण एकदम रंगवायचे नाहीत; एक सोडून एक रंगवायचे, वाळू द्यायचे, मग उरलेले. जुलैतल्या पुण्यात 'वाळू द्यायचे' हे दोन शब्द फार हिंमतीचे आहेत. पंखा पाचावर, कॅनव्हास डायनिंग टेबलावर आणि आम्ही सगळे जमिनीवर ताटं घेऊन.

सासूबाई हे सगळं शांतपणे बघत होत्या. त्या रोज सकाळी उंबऱ्यासमोर ठिपके मांडतात आणि चिमटीतून रांगोळी सोडत ते जोडतात. ना पट्टी, ना टेप, आणि कमळ चारही बाजूंनी सारखं. अख्खी भूमिती पोळ्यांची कणीक मळण्याआधी उरकलेली.

"टेप उरली तर सांग गं," त्या म्हणाल्या, "पापडाच्या डब्याला हवी होती."

चित्र झालं. आता वरची बाजू कुठली, यावर घरात मतदान झालं. मी मोंद्रियानचा दाखला दिला. या डच चित्रकाराचं रंगीत चिकटपट्ट्यांचं 'न्यूयॉर्क सिटी १' हे १९४१चं चित्र कित्येक दशकं बहुधा उलटंच टांगलेलं आहे, असं २०२२मध्ये ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयातल्या क्युरेटरबाईंच्या लक्षात आलं. तरीही त्यांनी ते तसंच ठेवलं; जुन्या पट्ट्या हलवताना निखळल्या तर काय घ्या!

"त्यांची टेप चित्रावर राहिली तरी," चिरंजीव म्हणाले.

चित्र टांगलं. कॅनव्हासची कड छताशी समांतर केली की त्रिकोण कलंडतात आणि त्रिकोण सरळ केले की कॅनव्हास कलंडतो. पाऊण सेंटीमीटरची करामत. येणारा प्रत्येक पाहुणा बसायच्या आधी ते 'सरळ' करतो. परवा सोसायटीचे सेक्रेटरी मेंटेनन्सचा चेक न्यायला आले, सोफ्यावर चढून त्यांनी चित्र त्यांच्या मते नीट केलं आणि चेक विसरून गेले.

दुसऱ्या भिंतीसाठी मी आणखी एक कॅनव्हास मागवलाय.