‘एक जाणकार’ यांना उत्तर: स्टिल्टनचं चीज

नमस्कार. एरवी प्रतिक्रियांना मी दोन ओळींत उत्तर देते. इंग्लंडमधलं स्टिल्टन गाव आणि त्याच्या नावाचं चीज यांवरच्या माझ्या लेखावर आलेली तुमची तीनदा वाचली, चहा गार झाला.

आधी तुमचं बरोबर आहे ते. गावाजवळच्या नॉर्मन क्रॉसला नेपोलियनच्या काळातल्या युद्धकैद्यांचा तळ होता, तिथल्या स्मारकस्तंभावरचा गरुड 1990 साली चोरीला गेला, मी 1991 लिहिलं होतं. चुकलं, दुरुस्त केलंय. (नवा 2005 मध्ये बसला, त्यावर तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणजे तेवढं तरी जमलं असावं.)

आता तुमचं ते वाक्य: ‘स्टिल्टनमध्ये स्टिल्टन कधी बनलंच नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, गूगलवरून उचलण्याआधी जरा वाचत चला.’ अहो, मुद्दा मांडा ना! शेंबडं पोर कशाला मध्ये आणता?

आणि गूगल म्हणाल, तर मी शेजारच्या पीटरबरोत नऊ वर्षं काढलीत. स्टिल्टनच्या बेल इन या जुन्या खानावळीवरची ती तांब्याची अवाढव्य पाटी मान दुखेपर्यंत पाहिलीय. एवढ्याशा गावाला एवढा रुंद रस्ता कशाला, असं पहिल्यांदा वाटतंच. लंडनहून उत्तरेला जाणारा ग्रेट नॉर्थ रोड इथूनच जायचा, घोडागाड्या इथे थांबायच्या, म्हणून. आता ए-वन हा महामार्ग गावाबाहेरून जातो आणि गाव गपगार.

त्या थांब्यावर चीज विकलं जायचं, म्हणून त्याला गावाचं नाव पडलं. मी ‘स्टिल्टनचं चीज’ लिहिलं, ‘स्टिल्टनमध्ये बनलेलं’ नाही. मंडईत प्रत्येक आंबा देवगडचाच असतो, तेव्हा तुम्ही झाड बघायला जाता का? आणि ‘कधीच नाही’ हे तुम्ही कशावरून म्हणता? पूर्वी इथेही चीज बनायचं, असं गावकरी म्हणतात. ‘रॉबिन्सन क्रूसो’वाल्या डॅनियल डिफोने 1724 मध्येच हे गाव चीजसाठी प्रसिद्ध असल्याचं लिहून ठेवलंय. डर्बीशायर, लेस्टरशायर आणि नॉटिंगहॅमशायर सोडून कुठेही बनवलं तर त्याला स्टिल्टन म्हणायचं नाही, हा नियम 1996 चा. स्टिल्टन पडलं केंब्रिजशायरमध्ये, म्हणून आज तिथे ते नाव लावता येत नाही. हा नियम तुम्ही पावणेतीनशे वर्षं मागे नेऊन डिफोला लावताय.

बेलचा मालक कूपर थॉर्नहिल 1745 मध्ये पैजेखातर घोड्यावरून लंडनला गेला, परत आला, पुन्हा लंडनला गेला. 213 मैल, साडेबारा तासांच्या आत! हे तुम्हाला ‘पाल्हाळ’ वाटलं. वाटो बापडं. नेपोलियनच्या काळातल्या कैद्यांचं ‘पुराण’ही तसंच राहील. नॉर्मन क्रॉसच्या त्या तळावर 1,770 माणसं मेलीत. त्यांनी जेवणातल्या हाडांतून कोरलेली जहाजं पीटरबरोच्या म्युझियममध्ये आहेत. माझा सहा वर्षांचा मुलगा त्या काचेपुढून हलेना. तुम्हाला कंटाळा आला असेल तर पान उलटा.

राहिला ‘बाईंनी स्वयंपाकाचे ब्लॉग लिहावेत’ हा सल्ला. लिहितेच आहे. पुढच्या आठवड्यात स्टिल्टन घातलेलं सेलरीचं सूप. चीज लेस्टरशायरचं आहे, वेष्टण वाचूनच आणलंय.