तण जरा मोठं होऊ द्या

लेसरनं तण मारायचं ठरवलंत? उत्तम. आता घाई तेवढी करू नका. नुकतंच उगवलेलं, बीजदलांच्या दोन इवल्या पानांवरचं तण मारण्यात कसला आलाय पराक्रम? कॅमेरा तण हेरतो, किरण नेमका वाढबिंदूवर, म्हणजे रोप जिथून वाढतं त्या टोकावर पडतो, पेशींतलं पाणी क्षणात तापतं आणि कारभार आटोपतो. बघणाऱ्याला कळतही नाही काही झालं म्हणून.

तेव्हा थांबा. तण सहा-आठ पानांवर येऊ द्या. मग शेंडा जळाला तरी पानांच्या बगलेतले डोळे फुटतात, एकेका रोपावर किरण जास्त वेळ रोखावा लागतो आणि ट्रॅक्टर गोगलगायीला वाट देत चालतो. मशीन पुरेपूर वापरल्याचं समाधान असं मिळतं. अमेरिकेतल्या सिएटलच्या कार्बन रोबोटिक्स कंपनीनं २०२२ मध्ये आणलेल्या ट्रॅक्टरमागच्या यंत्रात दीडशे वॅटचे ३० लेसर होते आणि ४२ कॅमेरे. एवढी फौज काय कोवळ्या कोंबांसाठी?

लव्हाळा आणि हरळी यांच्यासाठी तर लेसर हवाच. वरचं पातं झकास जळतं. खाली मातीत गाठी आणि मुळ्या शाबूत असतात, पण तिकडे कॅमेरा पोचत नाही, तुम्ही कशाला पोचता? दर आठवड्याला हजामत केल्यासारखी पाती जाळत राहा.

गाजर उगवायला वेळ घेतं, तोवर तण पुढे गेलेलं असतं. कांद्याची पात इतकी बारीक की ती शेवटपर्यंत जमीन झाकत नाही. अशा पिकांत लेसरला खरं काम आहे. म्हणूनच बी ओळीत न पेरता मुठीनं फेका. रोपावर रोप, पानाखाली तण. कॅमेरा शिकलेला आहे, घेईल ओळखून. भिंगावरची धूळही पुसू नका.

लेसर माती हलवत नाही, त्यामुळे खालचं तणाचं बी वर येत नाही, असं जाणकार सांगतात. खरंच आहे ते. पण मोकळ्या मातीची सवय जात नाही ना? मग यंत्रामागोमाग एक कोळपं फिरवाच. नवं तण आठ-दहा दिवसांत हजर.

वाफ्यावर वाळलेल्या पाचटाचं आच्छादन असेल तर थंडीत शेकायचीही सोय होईल. त्या यंत्रातल्यासारख्या कार्बन डायॉक्साइड लेसरच्या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर, म्हणजे तो डोळ्यांना न दिसणारा. दिसत नाही म्हणजे नाहीच, असं समजून यंत्र चालू असताना झाकण उचलून वाकणारा एखादा बहाद्दर निघतोच. (डोळ्यांच्या बाबतीत मात्र माझा सल्ला ऐकू नका.)

एवढं सगळं केलंत की खुरपणीला बायका बोलवा. त्यातली एखादी लव्हाळ्याचं पातं चिमटीत धरून विचारेल, "याचं टोक कुणी जाळलं?" तोवर त्याच बुडातून दुसरं हिरवं पातं बोटभर वर आलेलं असेल.