‘प्रश्न विचारून काय होतं?’ या फिरत्या मजकुराला उत्तर

अधिवेशन सुरू झालं की एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच. आमदार-खासदार करांवर आणि सरकारी खर्चावर प्रश्न विचारतात ती नुसती नौटंकी; बहुमत सरकारचं, त्यामुळे बजेट जसंच्या तसं पास होतं. मंत्री गोलमोल उत्तरं देतात. जीएसटी आल्यापासून सभागृहाच्या हातात काही उरलेलं नाही. संसदेचं एक मिनिट अडीच लाखांना पडतं, ते वाया जातं. आणि कर हा तज्ज्ञांचा विषय आहे, लोकप्रतिनिधींनी आपलं रस्ते-पाणी बघावं.

हा मजकूर पुढे पाठवणारी माझ्या ओळखीची माणसं विचारी आहेत, वेळेवर कर भरणारी आहेत. म्हणूनच मला तो अस्वस्थ करतो. एकेक मुद्दा घेतो.

बहुमताच्या मुद्द्याला उत्तर गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०२ सालीच देऊन ठेवलंय. २६ मार्चला ते कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले. व्हाइसरॉय होते लॉर्ड कर्झन. मंडळात बहुमत सरकारी अधिकाऱ्यांचं. अर्थसंकल्पावर मत देण्याचा हक्कच सदस्यांना नव्हता. मिळालेल्या उत्तरावर उपप्रश्न विचारायचीही सोय नव्हती, ती १९०९च्या सुधारणांनी आली. आज विरोधी बाकावरच्या पहिल्या खेपेच्या आमदाराकडे जेवढे अधिकार आहेत, त्याच्या पावपटही गोखल्यांकडे नव्हते.

सरकारने सात कोटींची शिल्लक दाखवली होती आणि अर्थखात्याचं कौतुक चाललं होतं. गोखल्यांनी त्या अभिनंदनात सामील व्हायला नकार दिला आणि हिशेब मांडला. इंग्लंडला दरवर्षी पौंडांत जी देणी पाठवावी लागत, ती रुपया तेरा पेन्सांपर्यंत (पेन्स म्हणजे इंग्लंडची सुटी नाणी) घसरला तेव्हा फार जड झाली होती. रुपया घसरत होता त्याच काळात कर वाढत गेले. पुढे रुपया सोळा पेन्सांवर आला. तेवढेच पौंड भरायला आता कमी रुपये लागू लागले, पण कर मात्र जुन्याच चढ्या दराने चालू राहिले. म्हणजे ही शिल्लक देशाच्या भरभराटीची खूण नव्हती. दुष्काळाने आणि प्लेगने पिचलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा जास्त घेतलेला तो पैसा होता. मिठासारख्या वस्तूवर तेव्हा मणाला अडीच रुपये कर होता.

पुढच्याच वर्षी, १९०३ साली, तो दोन रुपयांवर आला. १९०५ साली दीड, १९०७ साली एक. प्राप्तिकरासाठीची किमान उत्पन्नमर्यादाही १९०३ साली पाचशेवरून हजारावर गेली. हे सगळं एका भाषणाने झालं असा दावा मी करणार नाही, सरकारची स्वतःची कारणंही होती. पण सरकारच्याच आकड्यांतून गोखल्यांनी दाखवून दिल्यावर ‘कर कमी करणं परवडत नाही’ असं म्हणायची वाट बंद झाली. ती मताने बंद झाली नाही, कारण मत नव्हतंच. हिशेबाने झाली.

आजचंच उदाहरण हवं असेल तर २०१६ घ्या. लोकसभेत सरकारचं स्पष्ट बहुमत होतं. २९ फेब्रुवारीच्या बजेटमध्ये पीएफ काढताना ६० टक्के रकमेवर कर लावायचा प्रस्ताव आला. नोकरदारांतून, कामगार संघटनांतून, विरोधकांतून ओरड झाली आणि ८ मार्चला अर्थमंत्री अरुण जेटलींनी लोकसभेत उभं राहून तो मागे घेतला. जुलै २०२४च्या बजेटने घर-जमीन विकताना मिळणारा इंडेक्सेशनचा, म्हणजे महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून नफा मोजण्याचा, फायदा काढला; ऑगस्टमध्ये सरकारनेच दुरुस्ती आणून २३ जुलै २०२४च्या आधी घेतलेल्या मालमत्तेसाठी जुन्या पद्धतीचा पर्याय परत दिला. ‘जसंच्या तसं’ कुठे पास झालं?

आता गोलमोल उत्तरांचं. ही तक्रार खरी आहे, पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. महाराष्ट्र विधानमंडळाच्या प्रश्नोत्तरांची यादी एकदा उघडून बघा. प्रश्नाचा साचा ठरलेला असतो: ‘हे खरे आहे काय की...’, मग ‘असल्यास...’, शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ आणि उत्तरात वारंवार भेटणारी दोन वाक्यं: ‘हे अंशतः खरे आहे’ आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’. पहिल्यांदा वाचताना चीड येते. पण ‘अंशतः खरे’ म्हणजे सरकारने लेखी मान्य केलं की काहीतरी खरं आहे. कोणता अंश, एवढंच विचारायचं उरतं, आणि त्यासाठीच तारांकित प्रश्नावर उपप्रश्न असतो. त्याला मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं. तिथे दिलेलं आश्वासन ते पाळलं का हे बघणाऱ्या सभागृहाच्या आश्वासन समितीकडे जातं, आणि जाणूनबुजून चुकीची माहिती दिली तर हक्कभंगाची तलवार असते. वर्तमानपत्राला दिलेल्या मुलाखतीत यातलं काहीच लागू नसतं.

उत्तराने समाधान झालं नाही म्हणून फिरोज गांधी गप्प बसले असते तर? आयुर्विमा महामंडळाने जून १९५७ मध्ये उद्योगपती हरिदास मुंदडांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटींचे शेअर घेतले होते. पैसा विमाधारकांचा. १६ डिसेंबरला फिरोज गांधींनी लोकसभेत हा व्यवहार तपशिलांसह उघडा केला. ते सत्ताधारी काँग्रेसचे खासदार होते आणि पंतप्रधानांचे जावईही. न्यायमूर्ती छागलांचा एक-सदस्य आयोग नेमला गेला, मुंबईत जाहीर सुनावण्या झाल्या, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला. सत्ताधारी सदस्याचं तोंड पक्षाने बांधलेलं असतं असं म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं: पक्षांतरबंदी कायदा आहे तो पक्ष सोडण्यापुरता आणि मतदानापुरता. व्हिप, म्हणजे मतदानाबाबतचा पक्षादेश, झुगारून मत दिलं किंवा गैरहजर राहिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. अवघड प्रश्न विचारला म्हणून कोणाचं सदस्यत्व जात नाही.

जीएसटीचा मुद्दा थोडक्यात. जीएसटीचे दर सुचवणाऱ्या जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागतं. महाराष्ट्राचा प्रतिनिधी तिथे बसतो तो विधानसभेला उत्तरदायी मंत्री म्हणून. ‘त्या बैठकीत आपण काय भूमिका घेतली?’ हे त्याला मुंबईत आणि नागपुरात विचारता येतं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर स्पष्टच सांगितलं की परिषदेच्या शिफारशी संसदेवर आणि विधिमंडळांवर बंधनकारक नाहीत. विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी बघा. २०२४च्या जुलैत नागपुरातल्या विमा कर्मचाऱ्यांच्या संघटनेचं म्हणणं नितीन गडकरींनी मंत्री असूनही पत्र लिहून अर्थमंत्र्यांना कळवलं. ऑगस्टमध्ये विरोधी खासदारांनी संसदेच्या आवारात निदर्शनं केली. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा जीएसटी शून्य झाला.

मिनिटाला अडीच लाख हा आकडा खरा धरला तरी तो गोंधळ घालून बंद पाडलेल्या मिनिटांना लावा, प्रश्नोत्तराच्या मिनिटांना नको. एका उपप्रश्नातून कोट्यवधींचा व्यवहार बाहेर येतो, तो खर्च मला स्वस्त वाटतो.

या मजकुरात एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती मी मान्य करतो. पुष्कळदा खात्यांच्या खर्चाच्या मागण्या चर्चेविना एकगठ्ठा मंजूर होतात. मार्च २०१८ मध्ये लोकसभेने गोंधळात, चर्चा न करता, सगळ्या मागण्या आणि वित्त विधेयक मंजूर केलं. त्याच विधेयकात परदेशी देणग्यांच्या कायद्यात बदल होता, तोही थेट १९७६पासून मागे जाऊन लागू होणारा, ज्याने राजकीय पक्षांना आधी मिळालेल्या देणग्यांच्या चौकशीतून सुटका मिळाली. कोणी विचारलं नाही, म्हणून कोणाला उत्तर द्यावं लागलं नाही. या प्रसंगावरून ‘प्रश्न विचारणं बंद करा’ असं म्हणणारा माणूस मला समजत नाही.

राहिला तज्ज्ञांचा मुद्दा. राज्यघटनेचं कलम २६५ सांगतं की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर लावता येणार नाही. कायदा सभागृह करतं. म्हणजे कर लावायला ज्यांची संमती लागते, त्यांनीच तो कळण्यापलीकडचा आहे असं म्हणायचं, हे चालणार कसं?

आणि दरवेळी त्यात फार विद्वत्ता लागते असंही नाही. महाराष्ट्रातल्या नोकरदाराने आपली पगाराची स्लिप काढावी. प्रोफेशनल टॅक्सचे, म्हणजे व्यवसाय कराचे, दरमहा २०० रुपये कापलेले दिसतील, फेब्रुवारीत ३००. अकरा महिन्यांचे २,२०० आणि हे ३०० मिळून २,५००, कारण घटनेने या कराला वर्षाला माणशी तेवढीच मर्यादा घातली आहे. हा कर महाराष्ट्राने १९७५ साली लावला तो रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला, शहरातल्या पगारदाराने दुष्काळी गावातल्या मजुराच्या कामाचा खर्च उचलावा म्हणून. माझ्या मतदारसंघाच्या आमदारांना मी पत्राने एवढंच कळवलंय की पुढच्या अधिवेशनात हा तारांकित प्रश्न द्या: गेल्या तीन वर्षांत व्यवसाय करापोटी किती रक्कम जमा झाली, त्यापैकी किती रोजगार हमीवर खर्च झाली, नसल्यास, कारणे काय आहेत?