जाळीचा पाइप

कोल्हापुरात गाडीचे बॉनेट खाजगीत उघडता येत नाही. घरासमोर ते वर झाले, की गल्लीतला निम्मा पुरुषवर्ग हातातले काम टाकून गोळा होतो आणि त्यातल्या प्रत्येकाचा कोणी ना कोणी मामा, मेहुणा किंवा चुलता उद्यमनगरात लेथवर असल्यामुळे कोणीही गप्प उभा राहत नाही. ज्या शहराने शेतकऱ्याच्या विहिरीवरची ऑईल इंजिने घडवण्यात पिढ्या घालवल्या, त्या शहरात इंजिनाबद्दल मत नसणे हे माणूस परगावचा असल्याचे लक्षण समजले जाते. त्यामुळे माझ्या जुन्या डिझेल जीपचे ऑईलचे आणि कूलंटचे रबरी पाइप बदलून तिथे तारेच्या जाळीचे पाइप घालावेत की नाही, हा प्रश्न माझा एकट्याचा राहणे शक्यच नव्हते.

दुखणे तसे छोटे होते. डिझेल इंजिनाला पेट्रोलच्या इंजिनासारखी आपोआप निर्वात पोकळी मिळत नाही, म्हणून पायाच्या जोरात भर घालणारा ब्रेकचा बूस्टर चालवायला एक व्हॅक्यूम पंप लागतो. माझ्या जीपमध्ये तो वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरच्या पाठीवरच बसवलेला आहे. या पंपाला वंगण म्हणून इंजिनातले ऑईल एका बारीक पाइपातून दाबाने येते आणि दुसऱ्या जाड पाइपातून आपल्या वजनाने खाली इंजिनाच्या तळाच्या ऑईल चेंबरमध्ये परत जाते. दाबाचा पाइप फुटला, तर इंजिन स्वतःचे ऑईल स्वतःच रस्त्यावर ओतत जाते. माझा फुटला नव्हता, पण वयोमानाप्रमाणे त्याला भेगा पडल्या होत्या आणि त्यातून पाझरलेले ऑईल थेंबाथेंबाने रेडिएटरच्या खालच्या पाइपावर पडत होते. कूलंटच्या पाइपाचे रबर उष्णता आणि पाणी वर्षानुवर्षे सोसते, पण ऑईल त्याला सोसत नाही. ते फुगते आणि मऊ पडते. तो खालचा पाइप बोटांनी दाबला, तर आतपर्यंत दबत होता. म्हणजे एका पाइपाच्या म्हातारपणाने दुसऱ्याचाही निकाल लावला होता.

मिस्त्रींनी एवढे निदान करून दोन्ही पाइप नवे घालायला सांगितले असते, तर हा लेख लिहावा लागला नसता. पण त्या वेळी माझा पुतण्या शेजारी उभा होता. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि मोबाइलवर त्याने अशा गाड्या पाहिल्या आहेत, ज्यांचे बॉनेट उघडल्यावर चांदीसारखे चकाकणारे पाइप आणि लाल-निळे नट दिसतात. "काका, सगळेच ब्रेडेड करून टाकू," म्हणजे तारेच्या जाळीचे, असे त्याने जाहीर केले.

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. "सर, गाडी रेसला काढायची हाय काय गगनबावड्याला?"

समोरच्या घरातले आबा शिरोलीच्या एका फौंड्रीतून निवृत्त झाले आहेत. त्यांना दोघांचेही पटले नाही. "आमच्या वेळंला पाइप फुटला की त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळायची आन् पन्हाळा चढायचा. जाळी कशाला? लगीन हाय व्हय?"

माझे मत असे होते, आणि अजूनही आहे, की जाळी कुठे हवी हे आतल्या दाबाने ठरवावे. थंड इंजिन सुरू केल्यावर ऑईलचा दाब चार-पाच बारपर्यंत जातो (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाइतका). तिथे मजबूत पाइप घालण्यात शहाणपणा आहे. रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग मात्र साधारण एका बारला उघडते. तेवढा दाब असतो तो पाणी लवकर उकळू नये म्हणून: आपल्या कोल्हापूरच्या उंचीवर उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते आणि एक बार दाबाखाली तेच १२० अंशांच्या आसपास. तो दाब साधा रबरी पाइप आयुष्यभर पेलतो. कूलंट गळते ते बहुधा पाइपाच्या टोकाला, क्लिपपाशी. पाइपाच्या पोटाला जाळी घालून टोकाची गळती थांबत नाही. हे सगळे मी अत्यंत मुद्देसूदपणे मांडले. पुतण्याने ऐकून घेतले आणि विचारले, "पण मग दिसणार काय?"

निदान ऑईलच्या पाइपापुरते एकमत झाले, म्हणून आम्ही उद्यमनगरात गेलो. तिथल्या होजच्या दुकानात ऊसतोडणी यंत्रांचे, जेसीबींचे आणि फौंड्रीतल्या प्रेसचे पाइप करून मिळतात. गिऱ्हाईक दारात दिसले, की मालक मान वर न करता एकच प्रश्न विचारतात, "सँपल आणलंय काय?" सँपल आणायचे, तर पाइप काढायला हवा, पाइप काढला, की जीप जागची हलत नाही, आणि तुम्हीच हलायचे, तर पुतण्याच्या मोटरसायकलवर मागे बसून, ऑईल ठिबकणारा पाइप प्लॅस्टिकच्या पिशवीत अंगापासून लांब धरून हलावे लागते. दसरा चौकाच्या सिग्नलला ओळखीच्या एका गृहस्थांनी पिशवीकडे पाहून "मासळी काय भावानं मिळाली?" असे विचारले. मी भाव सांगून टाकला.

मालकांनी सँपल पुसले, व्हर्नियर लावले आणि "पाव बीएसपी" असा निकाल दिला. बाकावर चहा पीत बसलेला एक लेथवाला तिथूनच म्हणाला, "नव्हं, चौदा-दीड." वाद आट्यांच्या मापाचा होता आणि किरकोळ नव्हता. बीएसपी ही आट्यांची ब्रिटिश पद्धत. पाव इंची बीएसपीचा बाहेरचा व्यास १३ मिलिमीटरच्या जरा वर असतो आणि चौदा-दीड म्हणजे १४ मिलिमीटर व्यास आणि दीड मिलिमीटर पिच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या भोकात हाताने एक-दोन आटे जातोसुद्धा, आणि मग हलत राहतो. त्यात दुसऱ्या टोकाच्या कोनाचा प्रश्न निघाला, कारण जेआयसी या अमेरिकी पद्धतीच्या फिटिंगचा उतार ३७ अंशांचा असतो आणि बीएसपीचा ३०. दोन्ही एकमेकांवर आवळून बसल्यासारखी वाटतात, फक्त ऑईल थांबत नाही. शेवटी आट्यांचे गेज दातांत दात घालून उजेडाकडे धरले गेले आणि मधून उजेड दिसेना, तेव्हा चौदा-दीड जिंकला. लेथवाल्याने चहा संपवला आणि विजयी मुद्रेने दुसरा मागवला, माझ्या खात्यावर.

आता पाइपाची निवड. मालकांनी काळा हायड्रॉलिक होज पुढे केला आणि सांगितले, की त्याच्या पोटात पोलादी तारेची जाळी आहे आणि तो दोनशे बारच्या घरातला दाब सोसतो. पुतण्याचा चेहरा उतरला. जाळी होती, भरपूर होती, पण रबराच्या कातडीखाली होती. मात्र त्याच्या सुदैवाने त्या होजची उष्णतेची मर्यादा साधारण १०० अंशांची निघाली, आणि इंजिनाच्या कुशीतले ऑईल तेवढे तापू शकते. म्हणून आत टेफ्लॉनची नळी आणि बाहेर स्टेनलेस तारेची उघडी जाळी असलेला पाइप घेणे तांत्रिकदृष्ट्याच योग्य ठरले. तत्त्वाचा विजय झाला आणि पुतण्याचाही झाला. असा दिवस आमच्या घराण्यात क्वचित उगवतो.

पाइप करणे पाहण्यासारखे असते. दुकानातल्या पोऱ्याने कापायच्या जागेवर आधी चिकटपट्टी घट्ट गुंडाळली, कारण तशीच चकती लावली तर जाळीच्या तारा केसांसारख्या पिंजारतात आणि बोटांत शिरतात. हे त्याला कसे ठाऊक, ते त्याच्या बोटांवरच्या बारीक काळ्या टोचण्यांवरून दिसत होते. कापल्यावर त्याने हवेच्या नळीने आतला भुगा उडवला, कारण त्यातला एक कण पंपाला पुरेसा असतो. मग फेरूल, म्हणजे धातूचे टोपण, चढवले, फिटिंगची शेपूट आत ढकलली आणि यंत्राचे आठ जबडे चारी बाजूंनी एकदम मिटले. आवाज जवळजवळ झालाच नाही. पितळी रंगाच्या त्या टोपणावर आठ सारखे चपटे ठसे उमटले आणि पाइप कायमचा जुळला. ऑईल परत नेणाऱ्या जाड पाइपालाही जाळी लावावी, असा पुतण्याचा आग्रह होता. पण तिथे दाबच नसतो, तिथे फक्त उतार लागतो आणि पाइप कुठे मुडपता कामा नये. तो साध्या, ऑईल सोसणाऱ्या रबराचा घेतला.

घरी परतल्यावर कूलंटची पाळी होती. कूलंट गोड असते आणि कुत्र्यांना विषारी असते, म्हणून खाली ठेवलेल्या घमेल्यावर एका पोराला राखणीला बसवले. रेडिएटरचे पाइप मी साच्यातले, मूळच्या बाकाचेच घातले. इंजिन आपल्या रबरी पायांवर हलते आणि रेडिएटर जागेवर असतो. मधल्या पाइपाने लवचीक असले पाहिजे, ताठ नव्हे. आबांनी या संधीचा फायदा घेऊन थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला दिला, जो महाराष्ट्रातल्या प्रत्येक गॅरेजात प्रत्येक तापलेल्या इंजिनासाठी दिला जातो. थर्मोस्टॅट इंजिनाला गरम होऊ देतो आणि साधारण ८२ अंशांना पाण्याची वाट उघडतो. तो काढला, तर थंडीत इंजिन नीट तापतच नाही. आबांना हे पटले नाही, पण तोवर मिस्त्रींनी तो जागेवर बसवून टाकला होता.

नळाचे पाणी न घालता निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड वॉटर घातल्याबद्दलही आबांनी पंचगंगेच्या वतीने निषेध नोंदवला. मग पाइपांत अडकलेली हवा काढायची होती. त्यासाठी इंजिन चालू ठेवून हीटर पूर्ण सोडावा लागतो, आणि कोणीतरी आत बसून काट्यावर लक्ष ठेवावे लागते. एप्रिलच्या दुपारी दीड वाजता कोल्हापुरात हीटर लावून जीपमध्ये बसलेला माणूस पाहायला जी गर्दी जमली, तेवढी माझ्या लग्नात जमली नव्हती.

नव्या जाळीच्या पाइपात एक अवगुण आहे, तो विकणारे सांगत नाहीत. ती जाळी कानशीप्रमाणे चालते. इंजिनाच्या थरथरीने ती ज्या वायरीला किंवा नळीला घासेल, तिला खाऊन टाकते. मिस्त्रींनी म्हणून अल्टरनेटरच्या वायरीपासून पाइप लांब वळवला, रबराचे अस्तर असलेल्या क्लॅम्पने तो धरला, आणि इंजिन एकदा तापून गार झाल्यावर सगळ्या क्लिपा पुन्हा तपासल्या. एक थेंबही नव्हता.

पुतण्याने बॉनेटखाली वाकून शोध घेतला. पाइप अल्टरनेटरच्या मागे, खालच्या अंगाला होता. तो पाहायला हातात टॉर्च आणि मानेत चांगली लवचीकता, दोन्ही लागत होते. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग माझ्याच सुरात, अत्यंत मुद्देसूदपणे बोलू लागला. "काका, दाबावर ठरवायचं ना? मग जोरात ब्रेक मारल्यावर ब्रेकच्या पाइपात शंभर बारच्या आसपास दाब जातो. तिथला रबरी पाइप फुगतो, आणि जाळीचा फुगत नाही. शिवाय तो चाकापाशी असतो. दिसतो."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले. आबांनीही पाहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्याकडे बोलायला काही नव्हते.

"सँपल लागंल," मिस्त्री जॅक ओढत म्हणाले.

मी पिशवी शोधायला आत गेलो.