स्टेटस रजिस्टर न बघताच 'हँडल्ड' म्हणणारे ड्रायव्हर

अरे एक रजिस्टर वाचायला काय जातं रे तुमचं? शेअर्ड इंटरप्ट लाइन आहे, म्हणजे प्रोसेसरला 'माझ्याकडे बघ' असा इशारा (इंटरप्ट) द्यायच्या एकाच लाइनवर दोन-तीन डिव्हाइस आहेत, इंटरप्ट आला की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सगळ्यांचे हँडलर (इंटरप्टसाठीचा ड्रायव्हरमधला कोड) ओळीने चालवतो आणि प्रत्येकाने फक्त एवढंच बघायचं असतं की आपल्या डिव्हाइसच्या स्टेटस रजिस्टरमध्ये पेंडिंग बिट (इंटरप्ट त्यानेच दिल्याची खूण) आहे का, असेल तर काम करा आणि हँडल्ड म्हणा, नसेल तर माझा नाही म्हणून सांगा, संपलं. पण हे ड्रायव्हरवाले काहीच न बघता दरवेळी हँडल्डच रिटर्न करतात!

आणि लेव्हल ट्रिगर्ड लाइनवर, म्हणजे डिव्हाइसने धरून ठेवली तोवर इंटरप्ट येतच राहतो अशा लाइनवर, याचा परिणाम काय होतो माहितीये? दुसऱ्याच कुठल्यातरी डिव्हाइसने लाइन धरून ठेवलेली असते, तिला कोणी क्लिअर करत नाही, हँडलर संपला की लगेच तोच इंटरप्ट परत, अख्खा कोअर त्यातच अडकतो. लिनक्समध्ये यासाठी सोय आहे, १,००,००० इंटरप्टपैकी ९९,९०० पेक्षा जास्त कोणीच घेतले नाहीत तर लॉगमध्ये 'नोबडी केअर्ड' येतं, हँडलरांची यादी छापली जाते आणि लाइन बंद होते. पण एकजण खोटं बोलला की कोणीच न घेतलेल्यांचा आकडा वाढतच नाही, मशीन गुपचूप हँग, लॉग कोरा, आता बसा शोधत.

बरं, हे खोटं घुसवलं कशाला, तर स्प्युरियसचा (कोणीच आपला न म्हटलेल्या इंटरप्टचा) आकडा वाढलेला दिसत होता म्हणून! अरे तो वाढणारच, पीसीआयवर (कार्ड जोडायच्या बसवर) राइट पोस्टेड असतो, म्हणजे तो पोचायची वाट न बघता प्रोसेसर पुढे जातो, तुमचा ॲक (इंटरप्ट मिळाला, आता लाइन सोड असं सांगणारा राइट) डिव्हाइसपर्यंत पोचायच्या आत हँडलर संपतो, लाइन अजून धरलेलीच, म्हणून एक फुकटचा इंटरप्ट येतो. त्याच डिव्हाइसचं रजिस्टर राइटनंतर एकदा परत वाचा, राइट पोचल्याशिवाय ते रीड पूर्णच होत नाही. एका ओळीचा फिक्स आहे! आणि डिबगिंगसाठी प्रिंट टाकलं की तेवढ्या वेळात राइट पोचतो आणि बग गायब, त्यामुळे अजून डोकं फिरतं.

वरून सल्ले, आयआरक्यूपोल हा कर्नलचा पर्याय लावून बूट करा म्हणे. म्हणजे टायमरच्या प्रत्येक टिकला सगळे हँडलर चालवत बसायचं? एमएसआय (लाइनऐवजी मेसेजने इंटरप्ट देणं) वापरा म्हणे, ज्या जुन्या कार्डात एमएसआयच नाही त्याचं काय करू?

ड्रायव्हरवाल्यांना पॅच (दुरुस्त केलेला कोड) दाखवला तर उत्तर काय, आमच्या टेस्टमध्ये असं होत नाही. तुमच्या टेस्ट बोर्डवर त्या लाइनवर तुमचं एकटंच डिव्हाइस आहे, तिथे कसं होईल? दुसरं कार्ड लावून त्याच लाइनवर एकदा चालवा आणि मग बोला.