क्रँकचं ऑइल सील आणि ‘दाट ऑइल टाका’चा सल्ला

“गाडीखाली ऑइलचा डाग दिसला म्हणजे क्रँकचं मागचं सील गेलं. मेकॅनिक गिअरबॉक्स उतरवायला सांगून लुटेल. त्यापेक्षा दाट ऑइल टाका, गळती थांबवणारी बाटली ओता. तरी गळलंच तर जुनं सील स्क्रू ड्रायव्हरने उचकटून नवं ठोका, अर्ध्या तासाचं काम. आणि सिंथेटिक ऑइलने सील खराब होतं, ते टाळा.” हा मजकूर गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर सतत फिरतो. क्रँक म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा, म्हणजे शाफ्ट. त्याच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला ऑइल अडवणारी कडी म्हणजे सील, आणि तिची शाफ्टला टेकणारी कड म्हणजे ओठ. जुनी गाडी काटकसरीने सांभाळणाऱ्यांचंच यात नुकसान होतं, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

डाग दिसला म्हणजे सील गेलं, ही पहिलीच गफलत. इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग कडक झालं की ऑइल इंजिनाच्या पाठीवरून ओघळतं आणि गिअरबॉक्सच्या सांध्याजवळ टपकतं. खालून पाहिलं तर हुबेहूब मागच्या सीलची गळती वाटते. ऑइलच्या दाबाचा दिवा लावणारा ऑइल प्रेशर स्विच गळला तरी तोही असाच फसवतो. टपकणाऱ्या ऑइलला गंधकासारखा उग्र वास असेल तर ते गिअर ऑइल असण्याची शक्यता जास्त. इंजिन धुऊन कोरडं करा, गाडी थोडी फिरवा आणि टॉर्च घेऊन वरून खाली पाहत या. सगळ्यात वरचा ओला भाग, तिथून शोध सुरू.

सील खरंच गळत असेल, तरी ते का गळतंय हे बघायलाच हवं. पिस्टन रिंगांमधून थोडा गॅस क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकभोवतीच्या पोकळीत, उतरतोच. तो बाहेर काढणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह किंवा ब्रीदरचा पाइप चोंदला की त्याला वाट उरत नाही, दाब वाढतो आणि ऑइल सीलच्या ओठातून बाहेर ढकललं जातं. अशा इंजिनात नवं सील बसवलं तरी तेही गळेल. ब्रीदर साफ करायला फार वेळ लागत नाही, आणि तरीही हीच तपासणी सर्रास राहून जाते. याची मला खरी चीड आहे.

दाट ऑइलने गळतीचा वेग थोडा कमी होतो, एवढंच. ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० अशा पातळ ऑइलसाठी बनवलेल्या इंजिनात ते थंड सकाळी वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचतं आणि झीज वाढते. बाटलीतल्या रसायनाने कडक झालेलं रबर फुगून मऊ पडतं, त्यामुळे किरकोळ पाझर काही काळ थांबू शकतो, हे खरं आहे. पण फाटलेला ओठ जुळत नाही, शाफ्टवर पडलेली चर भरत नाही आणि पीटीएफईच्या, म्हणजे टेफ्लॉनच्या सीलवर त्याचा उपयोग होत नाही.

आता ‘अर्ध्या तासाचं काम’. मागचं सील फ्लायव्हीलच्या मागे असतं. गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील काढल्याशिवाय तिथे हात पोहोचत नाही, म्हणजे मजुरी खऱ्या कामाची आहे. क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरतोच, तेव्हाच हे सीलही बदलून घ्या. मजुरीपुढे सीलची किंमत किरकोळ असते. पुढच्या सीलचंही तसंच. मारुती ८०० सारख्या टायमिंग बेल्टच्या (क्रँकवरून व्हॉल्व्हची यंत्रणा फिरवणाऱ्या पट्ट्याच्या) गाडीत ते बेल्टच्या आत असतं, म्हणून बेल्टबरोबरच बदलावं. तिथली गळती बेल्टवर गेली तर बेल्ट खराब होतो.

स्क्रू ड्रायव्हरने उचकटताना क्रँकच्या गुळगुळीत भागावर ओरखडा पडला तर नवं सीलही तिथून गळतं. नखाला चर लागत असेल तर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवावी, किंवा हाउसिंगमध्ये, म्हणजे सील बसतं त्या खाचेत, जागा असल्यास सील किंचित आत-बाहेर बसवावं. ओठातली स्प्रिंग ऑइलच्या बाजूला हवी. ठोकताना सील तिरकं जाऊ नये, म्हणून त्याच्या मापाची रिंग लावून सगळीकडून सारखं दाबावं.

सिंथेटिकची भीती १९७०च्या दशकातली आहे. तेव्हाच्या काही ऑइलनी रबर आकसत असे. पुढे त्यात रबर किंचित फुगवणारं एस्टर हे रसायन मिसळून तोल साधला, आणि आजच्या एसीईए (युरोपीय वाहन उत्पादकांची संघटना) मानकांत रबराशी जुळण्याची चाचणी असते. जुन्या इंजिनात सिंथेटिक टाकल्यावर गळती दिसलीच, तर बहुधा मळाने झाकलेली झीज उघडी पडलेली असते.

नवं सील घेताना त्याचा प्रकार विचारून घ्या. रबरी ओठाच्या सीलला बसवण्याआधी ऑइल लावतात. पीटीएफईचं मात्र बहुतेक कंपन्या पूर्ण कोरडं बसवायला सांगतात, शाफ्टही पुसून, आणि इंजिन सुरू करण्याआधी काही तास थांबायला लावतात. त्याला सवयीने ऑइल फासलं तर ओठ शाफ्टवर नीट बसत नाही आणि गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.