लाल दिवा आणि सेफ्टी पिन

परवा संध्याकाळी इंटरनेटवाल्या मुलाने माझा राउटर माझ्याच घरात, माझ्याच आईने दिलेल्या सेफ्टी पिनने पुसून टाकला. मी तेव्हा दारात कुरिअरवाल्याला ओटीपी सांगत होतो. चारच आकडे, पण तेवढ्यात नऊ संध्याकाळींचं काम गेलं.

पुसला म्हणजे फडक्याने नव्हे. राउटरच्या मागे टाचणी जाईल एवढं भोक असतं आणि आत एक बटण. माझ्या राउटरवर कंपनीचं मूळ फर्मवेअर, म्हणजे राउटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, काढून ओपनडब्ल्यूआरटी नावाचं मोफत, खुलं फर्मवेअर टाकलेलं आहे. त्यात ते बटण क्षणभर दाबलं तर राउटर नुसता बंद होऊन पुन्हा चालू होतो. पाच सेकंदांच्या वर धरलं तर सगळी सेटिंग्ज उडतात. या मुलाने दहापर्यंत मोजलं. मोठ्याने मोजलं, असं आईने मला नंतर कौतुकाने सांगितलं.

हा उद्योग मुळात करायचाच कशाला, असं घरातही विचारून झालंय. कारण असं: कंपनी जो पांढरा डबा देते, ओएनटी, त्याचं खरं काम फायबरमधला प्रकाश पकडून त्याचे केबलमधले सिग्नल करणं. त्यालाच राउटर आणि वाय-फायचीही कामं लावलेली असतात आणि ती तो सरकारी बाकावर बसल्यासारखी करतो. घरात एकाच्या मोबाइलने फोटो वर चढवायला घेतले की दुसऱ्याच्या व्हिडिओ कॉलमधला साहेब पाण्याखालून बोलायला लागतो. वेग कमी नसतो, माहितीच्या पाकिटांची रांग लांब झालेली असते. ओपनडब्ल्यूआरटीत त्यावर एसक्यूएम नावाची सोय आहे आणि तिच्यातल्या उत्तम पद्धतीचं नाव आहे केक. केक पुण्यात नळ स्टॉपच्या चौकात उभ्या असलेल्या हवालदारासारखा एकेकाला सोडतो. अट एकच, त्याला खऱ्या वेगाच्या ८५ ते ९५ टक्केच आकडा सांगायचा, म्हणजे रांग कंपनीच्या दारात न लागता आपल्या दारात लागते. शंभर एमबीपीएसच्या जोडणीला मी नव्वद लिहिले. हे घरात आजतागायत कुणालाही पटलेलं नाही. "पैसे शंभराचे भरतो ना?" या प्रश्नाला तांत्रिक उत्तर आहे, पण ते ऐकायला कुणी थांबत नाही.

खरेदीचा भाग उरकतो. तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तुम्ही राउटर मागितला की दुकानदार अँटेना मोजून दाखवतो, जणू म्हशीचे दात. अँटेनांना काही अर्थ नाही. बघायची ती खोक्याच्या खालच्या स्टिकरवरची आवृत्ती. टीपी-लिंकच्या आर्चर सी६ चं उदाहरण घ्या: दुसऱ्या आवृत्तीत क्वालकॉमची चिप आणि ८ एमबी फ्लॅश (फर्मवेअर साठवायची जागा), तिसऱ्या आवृत्तीत मीडियाटेकची चिप आणि १६ एमबी. नाव तेच, खोकं जवळपास तेच, आत दुसराच प्राणी. एकाचं फर्मवेअर दुसऱ्यात घातलंत तर घरात आणखी एक पेपरवेट. फ्लॅश १६ एमबी आणि रॅम १२८ एमबी असेल तर निर्धास्त घ्या. फ्लॅश ८ आणि रॅम ६४ म्हणजे एका पगारात दोन संसार. ४ आणि ३२ वाल्याकडे बघूही नका, त्यांना नव्या आवृत्त्यांनी कधीच वाऱ्यावर सोडलं.

(या सगळ्याचा मूळपुरुष म्हणजे लिंकसिसचा निळा-काळा डब्ल्यूआरटी५४जी, डिसेंबर २००२ चा. त्यात लिनक्स ही खुल्या कोडची प्रणाली आहे हे लोकांनी ओळखलं, तिच्या परवान्यातलं कोड उघडा ठेवायचं कलम दाखवलं आणि २००३ मध्ये कंपनीला सोर्स कोड उघडा करावा लागला. २००४ मध्ये त्यातून ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. दुसऱ्याच्या डब्यात बोट घालायची परंपरा अशी जुनी आणि कायदेशीर आहे. सेफ्टी पिन घालायची नाही.)

मांडणीत पहिला घोळ पत्त्याचा. ओपनडब्ल्यूआरटी स्वतःला १९२.१६८.१.१ म्हणवतं आणि बरेच ओएनटीही तेच म्हणवतात. एका वाड्यात दोन कर्ते झाले की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. राउटरचा पत्ता आधी १९२.१६८.१०.१ करून घ्यायचा. मग ओएनटी ब्रिज मोडवर टाकून घ्यायचा, म्हणजे तो फक्त प्रकाशाचं काम करील. मग पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या जाळ्यात शिरायच्या लॉगिनचं, नाव आणि पासवर्ड. पासवर्ड मिळवायला मला चार फोन लागले. आणि मग, सगळं बरोबर भरूनही, काहीच झालं नाही.

राउटरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, एकच ओळ परत परत: टाइमआउट वेटिंग फॉर पाडो पॅकेट्स. पीपीपीओईची ओळखपरेड अशी असते: आपला राउटर 'पाडी' अशी हाक मारतो, कंपनीकडून 'पाडो' असं उत्तर येतं, आपण 'पाडर' म्हणतो, आणि शेवटी तिकडून 'पाडस' येतं. पाडस आलं की नाव-पासवर्ड तपासला जातो आणि मग इंटरनेट येतं. माझी पाडी तीन संध्याकाळी हंबरत होती. कारण इतकंच होतं की या कंपनीच्या लाइनवर व्हीलॅन टॅग, म्हणजे प्रत्येक पाकिटावर लावायचा एक ठरावीक आकडा, लागतो, तो आकडा भरल्याशिवाय पलीकडे हाक पोचतच नाही, आणि तो आकडा कुठल्याही कागदावर छापलेला नाही. प्रत्येक कंपनीचा वेगळा. तो भरला तरी पाडो येईना, तर जुन्या डब्याचा मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा ओळख क्रमांक, राउटरच्या वॅनला, म्हणजे बाहेरच्या बाजूच्या जोडणीला, द्यायचा, कारण काही ठिकाणी जोडणी त्याच पत्त्याला बांधलेली असते. मला दोन्ही करावं लागलं. पाडस आलं तेव्हा रात्रीचे पावणेबारा वाजले होते आणि ते बघायला घरात कुणी जागं नव्हतं.

तर परवा ओएनटीवर लाल दिवा लुकलुकायला लागला. खाली 'लॉस' लिहिलेलं असतं, म्हणजे लॉस ऑफ सिग्नल: बाहेरून येणारा प्रकाशच डब्यापर्यंत पोचत नाहीये. माझा राउटर त्या डब्याच्या अलीकडे. रस्त्यात पाइप फुटला आणि प्लंबरने घरात येऊन बादली फोडली, तसा हा प्रकार.

मी कुरिअर घेऊन आत आलो तर मुलगा पिन हातात धरून राउटरकडे बघत होता.

"सर, हा डबा आपला नाही."

"माझा आहे."

"तेच म्हणतोय. कंपनीचा नाही."

"पण लाल दिवा कंपनीच्या डब्यावर आहे."

त्याने लाल दिव्याकडे पाहिलं, मग माझ्या राउटरकडे. "मग याचे दिवे हिरवे कसे?"

"कारण तो चांगला आहे."

"नेट नाही आणि दिवे हिरवे? सर, हा खोटं दाखवतोय." मग स्वतःचा मोबाइल काढून, "बघा, आता तर वाय-फायपण गेलं."

"तुम्ही रिसेट केलंत म्हणून. रिसेट केल्यावर याचं वाय-फाय बंद असतं. केबल लावून चालू करावं लागतं."

"रिसेटने वाय-फाय जातं?" त्याला खरोखर वाईट वाटलं. "सर, रिसेटने येतं."

"मीटर लावून पॉवर बघता का? फायबरची?"

"मीटर दुसऱ्या टीमकडे."

"तुम्ही कुठली टीम?"

"कम्प्लेंट."

"मग मीटरवाली टीम बोलवा."

"ती नव्या कम्प्लेंटवर येते. ही बंद झाल्याशिवाय नवी उघडत नाही. तुम्हाला ओटीपी आला असेल बघा, सहा आकडी."

"नेट चालू नसताना मी चालू झालं म्हणून ओटीपी देऊ?"

"चालू झालं म्हणून नाही सर. बंद झालं म्हणून. कम्प्लेंट." मग आवाज खाली आणून, "कितीला घेतला हा?"

मी आकडा सांगितला.

"आणि अँटेना चारच?"

आई म्हणाली, "मी तेव्हाच म्हटलं होतं."

मी ओटीपी दिला. दुसरं काय करणार होतो? पाच मिनिटांत मेसेज आला: ग्राहकाचे उपकरण सदोष, तक्रारीचे निवारण झाले. पाठोपाठ दुसरा, आमच्या प्रतिनिधीला १ ते १० मध्ये किती गुण द्याल. दिवसाला किती तक्रारी मिटवल्या यावर त्या पोराला जोखतात, हे त्यानेच चपला घालता घालता सांगितलं. त्यामुळे त्याला शून्य देता येईना. पण ज्याने ही रचना कुठल्यातरी वातानुकूलित खोलीत बसून केली त्याला गुण द्यायची सोय त्या मेसेजमध्ये नाही. दरमहा बिल मात्र त्याच्या नावाचं अचूक तारखेला येतं.

मीटरवाली टीम काल आली. टीम म्हणजे एक गृहस्थ आणि एक मीटर. डब्याशी येणारी पॉवर साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या मध्ये असावी लागते, आमच्याकडे उणे ३१ आली (डीबीएम हे प्रकाशाच्या जोराचं माप, उण्यामागचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश मंद). गृहस्थ न बोलता गच्चीवर गेले. सोसायटीतल्या कुणीतरी फायबर वाऱ्याने हलू नये म्हणून त्यावर वीट ठेवली होती. फायबरला तीव्र वळण बसलं की प्रकाश आत वळत नाही, बाहेर गळतो. वीट उचलली, वायर मोठ्या गोलात मोकळी केली, उणे २०. दोन मिनिटं. खाली येऊन त्यांनी माझा राउटर पाहिला आणि "ओपनडब्ल्यूआरटी का?" एवढंच विचारलं. मी त्यांना दहा गुण द्यायला तयार होतो, त्यांच्या भेटीचा मेसेजच आला नाही.

बॅकअप होता, पण गणपतीतला. राउटरच्या सेटिंग्जमधल्या 'सिस्टिम'मध्ये जाऊन ती फाइल परत चढवली, पीपीपीओई आणि व्हीलॅन जागेवर आले. त्यानंतरचं सगळं पुन्हा: केकचे नव्वद, वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झला चॅनल १, ६, ११ मधलं सगळ्यात मोकळं आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ, देश म्हणून भारत, मुलांच्या टॅबला रात्री दहानंतर कुलूप. टॅबचं कुलूप दोन रात्री नव्हतं. ते कुणीही मला सांगितलं नाही. रिसेटच्या भोकावर आता इन्सुलेशन टेप आहे, आणि दर बदलानंतर बॅकअप लॅपटॉपवर.

आज सकाळी आई साडी नेसताना सेफ्टी पिन शोधत होती. त्या मुलाने परत दिलीच नव्हती.